ट्रिप सरांची, भीड आपली

पत्र

नमस्कार मॅडम,

आम्ही परभणीचे. माझे मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्याच केंद्रातले (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले) एक सर दर उन्हाळ्यात ट्रिप काढतात. यंदा शिमला-मनाली होती, ८ मेला सचखंडने निघायचं. माणशी २७,००० रुपये. मी, मिस्टर, मुलगी आणि सासूबाई मिळून १,०८,००० झाले. जानेवारीत ४०,००० भरले, मार्चमध्ये ५०,००० (हे माझ्या शिलाईचे, माझ्याच खात्यातून गेले) आणि उरलेले १८,००० निघायच्या दिवशी स्टेशनवर रोख दिले. पैसे सरांच्या मिसेसच्या नंबरवर टाकायला सांगितले होते. पावती नाही.

थर्ड एसी सांगून जाताना स्लीपरमध्ये बसवलं. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, त्यांना मधला बर्थ. मनालीत मॉल रोडला लागून थ्री स्टार हॉटेल सांगितलं होतं, ते कुल्लूच्या रस्त्याला कुठंतरी लांब निघालं. रोहतांग झालंच नाही, उलट सोलंगला नेतो म्हणून माणशी २,५०० वरून घेतले. जेवण मात्र चांगलं होतं, आचारी आपल्याकडचाच होता. आता विचारलं तर सर म्हणतात, "पहाडात असं होतंच. पुढच्या वर्षी काश्मीरला ॲडजस्ट करून देतो." मिस्टर म्हणतात, "दर महिन्याला केंद्राच्या शिक्षण परिषदेत तोंड बघायचंय, कामून वाईटपणा घ्यायचा?" मला पटत नाही, पण करू काय तेही कळत नाही. सरांचे मेसेज आणि फोटो सोबत पाठवत आहे.

आणखी दोन गोष्टी. माझी नणंद छत्रपती संभाजीनगरला असते. पेट्रोल पंपावर कूपन भरलं म्हणून "लकी कपल" सांगून दोघांना एका हॉटेलात बोलावलं आणि तीन तास बसवून हॉलिडे क्लबची १,६५,००० ची मेंबरशिप गळ्यात मारली. ३०,००० कार्डावर गेले, बाकीचे हप्ते. याला दहा दिवस झाले. आणि सासूबाईंना सप्टेंबरअखेरीस चारधामला जायचंय. तेच सर नेणार आहेत, केदारनाथच्या हेलिकॉप्टरसाठी आत्ताच माणशी ५,००० मागतायत. द्यावेत का?

एक वाचक, परभणी

(मुलगा पुण्याला शिकतो. मे महिन्यात ट्रॅव्हल्सवाल्यानं त्याच्याकडून परभणीचं तिकीट नेहमीच्या दुपटीहून जास्त घेतलं. याला काही कायदा आहे का?)

उत्तर

ताई,

तक्रारीचं निम्मं काम तुम्ही पत्रातच करून ठेवलंय. कधी, किती, कुणाच्या खात्यातून, कुणाच्या नंबरवर, सगळं लिहिलंय. बहुतेक पत्रांत "फार फसवणूक झाली हो" एवढंच असतं, आणि आकडे विचारले की "बघून सांगते" म्हणतात. तेव्हा काय करायचं ते तुम्हाला कळत नाही, यावर माझा फारसा विश्वास नाही. गाडी वाईटपणापाशी अडली आहे. म्हणून आधी त्याचंच बोलू, कायदा मागून येईल.

आपल्याकडं उन्हाळी ट्रिपचा धंदा हल्ली दुकानातून कमी आणि ओळखीतून जास्त चालतो. कुणी शिक्षक असतो, कुणी विमा एजंट, कुणी पतसंस्थेतला कर्मचारी. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढायचा, पस्तीस-चाळीस माणसं जमवायची, आचारी बरोबर घ्यायचा, स्वतःचं कुटुंब त्यातच फिरवून आणायचं आणि वर चार पैसे सुटले तर सुटले. यात मला वावगं काही दिसत नाही. परभणी-नांदेडकडची कितीतरी म्हातारी माणसं अशाच ट्रिपांमुळं काशी-रामेश्वर करून आली. मोठ्या कंपन्यांचे दर त्यांना झेपले नसते, आणि नऊ दिवस पनीर-नानवर काढणं तर त्याहून नाही.

पण हा धंदा भिडेवर उभा आहे. ओळखीचा माणूस म्हणून आपण पावती मागत नाही, हॉटेलचं नाव विचारत नाही, आणि बिघडलं की ओळखीचाच म्हणून गप्प बसतो. सरांनी मात्र ओळखीपायी दर कमी केलेला नाही. ग्रुपवरच्या जाहिरातीत सगळ्यांना २७,००० आहे, तुम्हालाही तेवढेच. भीड दोन्ही बाजूंनी असती तर सोलंगचे २,५०० मागताना त्यांची जीभ थोडी तरी अडखळली असती.

मिस्टरांची अडचण मी हसण्यावारी नेत नाही. एकाच केंद्रात नोकरी, उद्या बदलीच्या वेळी कोण कुठं बसलेला असेल सांगता येत नाही. यावर उपाय असा की तक्रार तुमच्या नावानं करा. पन्नास हजार तुमच्या खात्यातून गेलेत, म्हणजे तुम्ही स्वतःच ग्राहक आहात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे देणारा तर ग्राहक असतोच, शिवाय त्याच्या संमतीनं ती सेवा घेणाराही ग्राहक असतो. त्यामुळं सासूबाई आणि मुलगीही त्यात येतात. मिस्टरांनी शिक्षण परिषदेत खुशाल सांगावं, "बायको ऐकत नाही." ते खरंही आहे.

इथं एक गोष्ट अगदी टाळा. जिल्हा परिषदेच्या सेवेत असलेल्या माणसाला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि सरांनाही. पैसे मिसेसच्या नंबरवर का मागवले ते यावरून समजून घ्या. कुणीतरी तुम्हाला सांगेलच की "सीईओंकडं अर्ज टाकतो म्हणा, उद्या पैसे आणून देतील." असं बोलू नका. पैशांसाठी नोकरीची धमकी दिली की खरी तक्रारसुद्धा खंडणीसारखी दिसायला लागते, आणि तुमचा मुद्दा बाजूला राहून तुमच्याच वागण्याची चर्चा होते. पैशाची गोष्ट पैशापुरती ठेवा. तक्रारीत सर आणि त्यांच्या मिसेस दोघांचीही नावं घाला. ट्रिप एकानं काढली आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात आले, एवढंच लिहायचं.

आता तिकिटांकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या मेसेजांमधला २० जानेवारीचा मेसेज मी दोनदा वाचला: "सर्वांची थर्ड एसी तिकिटे कन्फर्म, मोजक्याच सीट शिल्लक." रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधीच उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. म्हणजे ८ मेचं तिकीट मार्चच्या दुसऱ्या आठवड्याआधी कुणालाच काढता येत नव्हतं, रेल्वेमंत्र्यांनाही नाही. २० जानेवारीला कन्फर्म म्हणणं हे धडधडीत खोटं होतं, आणि ते सांगून तुमच्याकडून पहिले चाळीस हजार घेतले. कायद्याच्या भाषेत ही अनुचित व्यापारी प्रथा. हॉटेल लांब होतं की जवळ यावर वाद घालता येईल, या मेसेजवर घालता येणार नाही. तो जपून ठेवा. स्क्रीनशॉट पुरेसा नाही, मूळ फोनमधला मेसेज तसाच राहू द्या आणि अख्खी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. ग्रुपमधून बाहेर पडू नका. काढून टाकलंच, तर कधी काढलं ते लिहून ठेवा.

थर्ड एसी मिळाला नाही म्हणजे एक तर तिकिटं काढायला उशीर झाला, नाहीतर काढली ती वेटिंगवर राहिली. ई-तिकीट चार्ट होईपर्यंत वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून काढलं त्याच खात्यात परत जातात. त्यातलं तुम्हाला काही कळत नाही. थर्ड एसीचं भाडं स्लीपरच्या अडीच पटीच्या आसपास असतं. भुसावळ, खंडवा, इटारसी असं मे महिन्यातल्या दुपारी स्लीपरमध्ये बसून सासूबाईंनी जे सोसलं, त्यातून हा फरक सरांच्या बाजूला शिल्लक राहिला. तुमच्याकडं जातानाच्या तिकिटाचा फोटो आहे, त्यावर भाडं छापलेलं असतं. परतीचं थर्ड एसीचं तिकीटही असेल. दोन्हींतला माणशी फरक गुणिले चार, हा तुमच्या मागणीतला पहिला आकडा, आणि त्यावर कुणाला शंका घेता येणार नाही.

पुढच्या वेळी कुणीही "तिकीट झालं" म्हटलं की दहा आकडी पीएनआर मागा आणि १३९ वर स्वतः बघा. देत नसेल तर झालेलं नाही असं समजायचं.

हॉटेलचं प्रकरण थोडं नाजूक आहे. थ्री स्टार, फोर स्टार हा दर्जा केंद्राचं पर्यटन मंत्रालय तपासणी करून देतं, पण ती तपासणी हॉटेलांना सक्तीची नाही. त्यामुळं बोर्डावर कुणीही तारे रंगवतो. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र सरांनी हॉटेलचं नाव लिहून त्यापुढं "किंवा तत्सम" असं घातलंय. जवळजवळ प्रत्येक टूरवाल्याच्या पत्रकात ही पळवाट असते. तिचा अर्थ त्याच तोडीचं दुसरं हॉटेल असा होतो, वाटेल ते हॉटेल असा नाही. जागा हा त्या तोडीचाच भाग आहे. मॉल रोडवरून संध्याकाळी पायी फिरून येणं आणि तिथं जायला टॅक्सी करावी लागणं, यात फरक आहेच. हॉटेलच्या दारात काढलेल्या फोटोंत ठिकाण नोंदलं गेलं असेल तर ते पुरावा म्हणून चालेल. दोन्ही हॉटेलांचे मे महिन्यातले दर बुकिंगच्या साइटवर बघा, छापून घ्या. हा दुसरा आकडा.

रोहतांगबद्दल सर सांगतात ते अर्धं खरं आहे. खिंड जवळपास चार हजार मीटर उंचीवर आहे. बर्फ हटवून रस्ता कधी खुला होईल हे हवामानावर असतं, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर काहीच खात्रीनं सांगता येत नाही. शिवाय राष्ट्रीय हरित लवादानं घातलेल्या मर्यादेमुळं पर्यटकांच्या मोजक्याच गाड्यांना दिवसाचं परमिट मिळतं. दिवसाला १,२०० गाड्या, त्यांत ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. एवढ्यावर मी सरांना सूट दिली असती. पण त्यांनीच छापलेल्या पत्रिकेत लिहिलंय, "१२ मे, मंगळवार: रोहतांग पास बर्फदर्शन." मंगळवारी दुरुस्तीसाठी ती खिंड पर्यटकांच्या गाड्यांना बंद असते. दर मंगळवारी. ज्यानं हे बघितलं नाही त्यानं परमिटचा अर्जही केलेला नसणार. वर्षानुवर्षं ट्रिप काढणाऱ्या माणसाला "पहाडात असं होतंच" म्हणून हात झटकता येत नाहीत. सोलंगचे १०,००० रुपये हा तिसरा आकडा. रोख दिले असले तरी सोबतच्या तीन-चार कुटुंबांनीही दिलेत ना? त्यांचं लेखी घ्या. एखादी ताई तरी निघेलच.

हे सगळं होतं कसं, तेही सांगते, म्हणजे सर अगदीच लबाड आहेत असं वाटायचं नाही. गावातला आयोजक हॉटेल आणि गाड्या स्वतः ठरवत नाही. दिल्ली-चंदीगडकडचा एक ठोक एजंट असतो, तो सगळं ठरवतो. तुमचे जानेवारीतले पैसे त्या एजंटकडं जानेवारीतच गेले तर खोल्या पक्क्या होतात. पण मधल्या काळात मार्चची रामेश्वर ट्रिप असते, एप्रिलची आणखी कुठली तरी. या ग्रुपच्या पैशांतून त्या ग्रुपचं बिल भागवायचं, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. मे उजाडेपर्यंत मनालीतल्या हॉटेलवाल्याला पैसे पोहोचलेले नसतात आणि ऐन गर्दीत तो खोल्या दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. मग एजंट जिथं जागा असेल तिथं माणसं नेऊन टाकतो. सर उद्या म्हणतील, चूक एजंटची. असेल. पण तुमचा व्यवहार एजंटशी झालेला नाही. ज्यानं पैसे घेतले त्यानं उत्तर द्यायचं. त्यांनी मागाहून एजंटशी भांडावं.

पूर्ण १,०८,००० मागा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुम्ही गेलात, राहिलात, जेवलात, परत आलात. ग्राहक आयोग ते बघतो. जेवण चांगलं होतं असं तुम्ही लिहिलंय ते तक्रारीतही लिहा. खरं सांगणाऱ्या माणसाचं बाकीचंही खरं वाटतं. वरच्या तीन आकड्यांची बेरीज करा आणि तेवढीच आधी मागा. मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च आयोगात गेलात तर मागायचा, पत्रात नाही. पावती नाही याची काळजी करू नका. बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे, म्हणजे ती उणीव त्यांच्या अंगावर जाते.

पत्र साधं असू द्या. वकिलाची भाषा नको. मी एवढंच लिहिलं असतं:

"आपण आयोजित केलेल्या ८ मेच्या शिमला-मनाली सहलीसाठी आम्ही चौघांचे १,०८,००० रुपये भरले (तपशील सोबत). कबूल केलेल्या थर्ड एसीऐवजी जाताना स्लीपर दिला. मनालीत कबूल केलेलं हॉटेल दिलं नाही. रोहतांग कार्यक्रमात असून झालं नाही आणि सोलंगसाठी १०,००० रुपये जादा घेतले. भाड्यातला फरक, हॉटेलच्या दरातला फरक आणि जादा घेतलेली रक्कम मिळून ____ रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. न केल्यास मी परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन."

स्पीड पोस्टानं पाठवा, पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवा, त्याचाच फोटो सरांना व्हॉट्सॲपवर टाका. ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलं की ते भांडण होतं आणि सगळे समजूत काढायला धावतात.

पत्र मिळालं की सरांचा फोन येईल, बहुतेक मिस्टरांना. "वहिनींनी एकदम नोटीसच पाठवली?" असा सूर असेल. मिस्टरांनी तो फोन तुमच्याकडं द्यायचा. तुम्ही म्हणायचं, जे काय असेल ते लिहून कळवा. काश्मीरचं ॲडजस्टमेंट घेऊ नका. तुमचे पैसे आणखी वर्षभर त्यांच्याकडं राहतील आणि काश्मीरचा दर तेच ठरवतील. शिवाय पहलगामला आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडी बघायला तिथल्या युनियनच्याच गाड्या कराव्या लागतात, गुलमर्गच्या गोंडोल्याचं तिकीट वेगळं असतं. "माणशी २,५०० वरून" म्हणायला तिथं मनालीपेक्षा जास्त जागा आहेत. त्यांनी निम्मी-पाऊण रक्कम तयार ठेवली तर विचार करा. माझं विचाराल तर भाड्याचा फरक आणि सोलंगचे दहा हजार पूर्ण मिळत असतील तर हॉटेलच्या बाबतीत मी थोडं सोडून दिलं असतं.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर आयोग. तुम्ही परभणीत राहता म्हणून तक्रार परभणीतच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. दिवाळीपर्यंत सोबतची माणसं हळूहळू "आम्हाला काही आठवत नाही" म्हणायला लागतात. दोन-तीन कुटुंबं तयार झाली तर एकत्र तक्रार करा. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चला. मात्र आयोगात मध्यस्थीची सोय आहे. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर तिसऱ्या माणसासमोर बसून तडजोड लिहून होते. एकाच केंद्रातल्या माणसांसाठी मला तो मार्ग निकालापेक्षा बरा वाटतो.

नणंदबाईंचं प्रकरण याहून तातडीचं आहे, आणि तिथं भिडेचा प्रश्नच नाही, तेव्हा घाई करा. करार आज वाचायला सांगा, विशेषतः रद्द करण्याची मुदत कुठल्या पानावर आहे ते. मुदत शिल्लक असो वा संपलेली असो, "मेंबरशिप रद्द करते, पैसे परत करा" असा मेल आजच कंपनीला जाऊ दे, उद्या स्पीड पोस्टानं तेच पत्र. फोनवर बोलत बसू नये. फोनवरचा माणूस "मॅनेजर सुट्टीवर आहेत" म्हणत तारखा पुढं ढकलतो, त्याचं कामच ते असतं. मेलमध्ये हॉटेलात तोंडी काय काय सांगितलं ते आठवून लिहायचं: दर वर्षी फुकट सहल, कधीही वापरा, नको असेल तेव्हा विकून टाका. करारात मात्र बहुधा असं असतं की उन्हाळ्याच्या सुट्टीचे आठवडे वेगळ्या महागड्या वर्गात मोडतात, देखभालीचा वार्षिक आकार गेलात न गेलात तरी भरावाच लागतो, आणि तोंडी आश्वासनांना कंपनी बांधील नाही. तीन तास एसी हॉलमध्ये गाणी लावून बसवतात ते तोंडी आश्वासनांसाठीच. कराराला सही करायला पाच मिनिटं देतात.

हप्ता मात्र एकदम बंद करू नये. कर्ज बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं असतं, त्यांना क्लबशी देणंघेणं नसतं आणि सिबिल खराब होतं नणंदबाईंचं. आधी त्यांना लेखी कळवायचं की व्यवहाराबद्दल वाद आहे, रद्द केल्याचं पत्र जोडायचं. कार्डावरच्या ३०,००० साठी कार्डाच्या बँकेकडं वादाचा अर्ज आठवडाभरात जायला हवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवता येते. सरांच्या बाबतीत तिचा फारसा उपयोग नाही, पण कंपनी असेल तर तिथून विचारणा गेल्यावर पुष्कळदा हालचाल होते. आणि करारात "न्यायक्षेत्र फक्त मुंबई" किंवा "वाद लवादाकडे" असं छापलं असलं तरी घाबरायचं नाही. नणंदबाई छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतात.

सासूबाईंचे पाच हजार देऊ नका. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या संकेतस्थळावरच अधिकृतपणे मिळतात, आणि त्यासाठी आधी उत्तराखंड सरकारकडं यात्रेची नोंदणी झालेली लागते. सासूबाईंची नोंदणी झाली आहे का? नसेल तर सर ॲडव्हान्स कशाचा घेतायत? याच नावाच्या खोट्या साइट्सही भरपूर आहेत, हुबेहूब दिसणाऱ्या. गूगलवर वर दिसलेल्या पहिल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकायचा नाही. कुणाचे पैसे अशा साइटवर गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

त्याहून मोठा प्रश्न सासूबाईंच्या तब्येतीचा. गौरीकुंडापासून केदारनाथ सोळा किलोमीटरच्या आसपास चढण आहे आणि मंदिर साडेतीन हजार मीटरवर. हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही, मग घोडा, डोली किंवा परत फिरणं. डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बद्री आणि हरिद्वार एवढंच करून येण्यातही काही कमीपणा नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा त्यांच्या मुलानं सांगितलेलं बरं. आणि कुणाबरोबर जायचं म्हणाल, तर या सरांबरोबर तरी यंदा नको. सासूबाईंचे पैसे एकदा त्यांच्याकडं गेले की मनालीचा हिशोब "यातून वळता करतो" असं ते म्हणतील, आणि तुमची नोटीस तिथंच विरघळेल.

दुसरा कुणी आयोजक बघाल त्याच्याशीही सुरुवातीलाच स्पष्ट बोला. "आम्ही रजिस्टर्ड आहोत" म्हणाला तर कुठं ते विचारा. टूर ऑपरेटरला पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे, आणि फ्लेक्सवरचं "रजिस्टर्ड" म्हणजे बऱ्याचदा नुसता शॉप ॲक्ट असतो. जीएसटी लावत असेल तर पंधरा अक्षर-आकड्यांचा नंबर घेऊन सरकारी पोर्टलवर नाव जुळतं का बघा, महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. पैसे टप्प्यानं द्या आणि प्रत्येक टप्पा कशाशी तरी बांधा: पहिला बुकिंगचा, दुसरा पीएनआर हातात आल्यावर, तिसरा हॉटेलांची नावं लेखी मिळाल्यावर. "तत्सम" असेल तर दुसऱ्या हॉटेलचंही नाव लिहून घ्या. रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, हेही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाल्यावर ऐन हंगामात लोकांनी काश्मीरची बुकिंगं रद्द केली, आणि असं काही लिहून घेतलेलं नसलं की माणूस आयोजकाच्या मर्जीवर राहतो.

ता. क. मुलाच्या ट्रॅव्हल्सबद्दल: कायदा आहे. खासगी बसला एसटीच्या तशाच प्रकारच्या बसच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा एप्रिल २०१८ चा निर्णय आहे. त्या तारखेचं एसटीचं पुणे-परभणी भाडं काढा, दीडनं गुणा, आणि तिकिटाचा फोटो जोडून आरटीओकडं लेखी तक्रार करायला सांगा. तिकीट ॲपवरून काढलं असेल तर भाडं, तारीख आणि बसचा प्रकार त्यावर असतोच. कंडक्टरच्या हातात रोख दिले असतील तर मात्र अवघड आहे.